एकच दांडा, पाच यंत्रं: जुनं शॉपस्मिथ समजून घेताना

अमेरिकेत एखाद्या घरातलं वयस्क माणूस जातं किंवा घर सोडून मुलांकडे राहायला जातं, तेव्हा दोन दिवस दारं उघडी ठेवून घरातलं सगळं सामान विकायला काढतात. याला इस्टेट सेल म्हणतात. वरच्या मजल्यावर काचेची भांडी, दिवे, सोफे. तळघरात किंवा गॅरेजात मात्र बऱ्याचदा जुन्या चादरीखाली एक लांबडं यंत्र झाकलेलं असतं. दोन जाड पोलादी नळ्या, त्यांवर सरकणारं धातूच्या पेटीसारखं डोकं, आणि बाजूला एक छोटं टेबल. ओहायोत आल्यापासून अशी पाच-सहा तरी मी पाहिली. त्यातलं एक, राखाडी रंगाचं, आठ वर्षांपूर्वी घरी आणलं.

हे शॉपस्मिथ मार्क फाइव्ह. गेल्या वर्षभरात इथल्या तीन मराठी मित्रांनी फोटो पाठवून विचारलं, "हे काय आहे? घेऊ का?" तिघांनाही फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलं. आता एकदा नीट लिहून ठेवतो.

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत लाखो सैनिक घरी परतले. शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या, लोकांना छोटी का होईना स्वतःची घरं मिळाली. घरात कपाटं हवीत, मुलांना पलंग हवेत, हाताशी गॅरेज आहे, पण पाच वेगळी यंत्रं घ्यायला पैसे नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. जर्मनीतून कॅलिफोर्नियात येऊन स्थायिक झालेल्या हान्स गोल्डश्मिट यांनी या अडचणीवर उत्तर शोधलं. त्यांचं पहिलं यंत्र, टेन ई आणि मग टेन ई आर, १९४०च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं. मॅग्ना इंजिनिअरिंग ही कंपनी ते बनवत असे. १९५०च्या दशकात मार्क फाइव्ह आलं आणि ते इतकं जमलं की त्याचा मूळ आराखडा पुढे फारसा बदललाच नाही. साठच्या दशकात उत्पादन थांबलं. १९७२ साली जॉन फोल्कर्थ यांनी हक्क विकत घेतले आणि ओहायोतच ते पुन्हा सुरू केलं. म्हणूनच १९५५ सालच्या यंत्राला पुढच्या कित्येक दशकांतले सुटे भाग बसतात. सत्तर वर्षांच्या यंत्राबाबत ही किती मोठी सोय आहे, हे कुठलंही जुनं यंत्र दुरुस्त करायला बसलेल्या माणसाला लगेच कळेल.

आता मुख्य गोष्ट. शॉपस्मिथला लोक 'पाच यंत्रं एकात' म्हणतात: करवतीचं टेबल, लेथ, घासायची तबकडी, उभं ड्रिल आणि आडवं ड्रिल. हे वर्णन चुकीचं नाही, पण त्यानं समजायला मदत होत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आत पाच वेगळ्या यंत्रणा कोंबल्या आहेत. खरं तर आत एकच गोष्ट आहे: फिरणारा एक दांडा. त्याची जाडी ५/८ इंच, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. त्याच्या टोकाला गोल करवत लावली की करवत, ड्रिलचं तोंड लावलं की ड्रिल, १२ इंची तबकडी लावून तिच्यावर पॉलिश कागद चिकटवला की घासायचं यंत्र. आणि दांड्याच्या टोकाला लाकूडच अडकवलं, तर लाकूड फिरतं आणि आपण हातातल्या पटाशीने ते कोरतो. तो लेथ.

दांडा फिरतो एकाच दिशेने. एकच दिशा पाचही कामांना कशी पुरते, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. कळलं तेव्हा गोल्डश्मिट यांच्या बुद्धीला मनापासून हात जोडले.

यंत्रासमोर उभे राहा. डोकं तुमच्या डाव्या हाताला, दांडा उजवीकडे तोंड करून. फिरताना दांड्याची वरची बाजू तुमच्याकडे येते आणि तुमच्या बाजूने खाली जाते. आता एकेक काम पाहा. करवत लावली, तर टेबलावर डोकावणारे दात तुमच्याकडे येत खाली जातात, म्हणजे कापताना लाकूड टेबलावर दाबलं जातं. लेथवर लाकूड तुमच्या बाजूने खाली येतं आणि टेकूवर ठेवलेल्या पटाशीवर दाब देतं, त्यामुळे पटाशी टेकूवरून उडत नाही. तबकडीचा तुमच्या बाजूचा अर्धा भाग खाली जातो, म्हणून तुकडा त्याच अर्ध्या भागाला लावायचा. तोही टेबलावर दाबला जातो. दुसऱ्या अर्ध्याला लावलात तर तबकडी तो वर उचलून फेकेल. आणि सगळं यंत्र उभं करून दांड्याचं तोंड जमिनीकडे केलं, की वरून पाहताना दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. बाजारातलं कुठलंही साधं ड्रिलचं तोंड याच दिशेने भोक पाडतं. दिशा एकच, आणि सगळीकडे ती कामाच्या बाजूने उभी राहते.

दुसरी गोष्ट वेगाची. कामागणिक वेग इतका का बदलावा लागतो, ते हिशेबाने पाहू. महत्त्वाचा असतो तो फिरणाऱ्या वस्तूच्या कडेचा वेग, मिनिटाला किती फेऱ्या हा आकडा एकटा फारसं सांगत नाही. १० इंची करवत मिनिटाला ३५०० फेऱ्या घेते तेव्हा तिचा प्रत्येक दात सेकंदाला सुमारे ४६ मीटर धावतो, म्हणजे ताशी १६५ किलोमीटरच्या वर. शोएब अख्तरचा सर्वात वेगवान चेंडू ताशी १६१ किलोमीटरचा होता. लाकूड स्वच्छ कापायला दाताला हा वेग लागतो. ६ मिलिमीटरचं ड्रिल मात्र मिनिटाला १५०० फेऱ्यांवर सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर कडेचा वेग घेतं, आणि ते पुरतं. उलट लेथवर १६ इंच रुंदीचा ओबडधोबड ओंडका लावला तर मिनिटाला ७०० फेऱ्यांनाही त्याची कड ताशी ५० किलोमीटरच्या वर जाते. त्यात तो एका बाजूला जड असला तर अख्खं यंत्र थरथरू लागतं.

मार्क फाइव्हचा वेग मिनिटाला ७०० ते ५२०० फेऱ्यांमध्ये कितीही ठेवता येतो, तोही पट्टा न काढता, समोरची चकती फिरवून. आतली यंत्रणा आपल्याला परकी नाही. किनेटिक होंडा किंवा नंतरची कुठलीही बिनगिअरची स्कूटर चालवली असेल, तर तिच्यात हेच तत्त्व असतं. पट्ट्याची पुली दोन निमुळत्या अर्धुकांची असते. अर्धुकं जवळ आली की पट्टा बाहेरच्या कडेकडे चढतो आणि पुली मोठी असल्यासारखी वागते. लांब गेली की पट्टा आत उतरतो आणि पुली लहान होते. मोटरकडे एक आणि वर एक अशा दोन पुल्या असतात. एकीला आपण चकतीने दाबतो, दुसरीला स्प्रिंग सांभाळते. एकीवर पट्टा चढला की दुसरीवर तो उतरतो.

यातूनच या यंत्राचा सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो: मोटर बंद असताना वेगाची चकती कधीही फिरवायची नाही. पट्टा अर्धुकांवर चढतो-उतरतो तो फिरता फिरता. थांबलेला पट्टा जागचा हलत नाही. अशा वेळी जोर लावला तर तो जोर आतल्या नाजूक भागांवर येतो आणि ते वाकतात किंवा तुटतात. यंत्र बघायला येणारा प्रत्येक जण नेमकी तीच चकती फिरवून पाहतो, म्हणून मी तिच्यावर लाल चिकटपट्टी लावून ठेवली आहे. जोडीला दुसरी सवय: काम संपलं की यंत्र बंद करण्याआधी वेग सगळ्यात खाली आणायचा. नाहीतर आज छोट्या तोंडाने ५००० फेऱ्यांवर काम करून बंद केलेलं यंत्र उद्या मोठा ओंडका लावून त्याच वेगाने सुरू होईल.

आता करवत, कारण या यंत्राची सगळ्यात मोठी मर्यादा तिथे आहे आणि सगळ्यात मोठा धोकाही. साध्या टेबल करवतीत टेबल स्थिर असतं, आणि करवत वर-खाली होते, तिरपी होते. इथे दांडा वर-खाली किंवा तिरपा करता येत नाही, म्हणून करवतही होत नाही. वर-खाली होतं टेबल, तिरपं होतं तेही टेबलच. किती खोल कापायचं ते टेबल वर-खाली करून ठरतं, त्यामुळे टेबलाची उंची कामागणिक बदलते. ४५ अंशांचा काप घ्यायचा तर अख्खं टेबल घसरगुंडीसारखं तिरकं होतं. अशा वेळी लाकडाला आधार देणारी फेन्स उताराच्या खालच्या बाजूलाच लावायची, म्हणजे लाकूड तिच्यावर रेलून राहतं. टेबल लहान आहे. मोठी प्लायवूडची शीट यावर कापायचा हट्ट मी करत नाही. ती जमिनीवर थर्माकोल पसरून हातातल्या गोल करवतीने कापतो.

धोका म्हणजे लाकूड उलटं फेकलं जाणं. करवतीचे पुढचे दात खाली जातात, पण मागचे दात टेबलातून वर येत असतात. कापलेली फट मागच्या बाजूला मिटली, किंवा लाकूड फेन्स आणि करवत यांच्यात तिरकं अडकलं, तर ते मागचे दात लाकूड पकडतात, उचलतात आणि सरळ तुमच्या पोटाच्या दिशेने भिरकावतात. विचार करायलाही वेळ मिळत नाही. जुन्या यंत्रांना आजच्यासारखी करवतीबरोबर राहणारी मागची पाती नसते. वरच्या कव्हराला फट उघडी धरणारी एक पाती असते, आणि नेमकं तेच कव्हर पहिल्या मालकाने काढून कुठेतरी ठेवलेलं असतं. ते कव्हर मिळेपर्यंत मी करवत लावली नव्हती. तुम्हीही लावू नका. उभं राहायचं ते करवतीच्या रेषेच्या बाजूला, अरुंद तुकडा ढकलायचा तो काठीने, आणि तुकडा करवतीच्या पार गेल्याशिवाय हात सोडायचा नाही. हातमोजे घालायचे नाहीत, कारण फिरत्या दांड्यात कापड अडकलं की ते हातासकट ओढलं जातं.

करवत मध्यम असेल, पण आडवं ड्रिल अप्रतिम आहे. असं काम मी दुसऱ्या कुठल्या घरगुती यंत्रावर पाहिलेलं नाही. फळी टेबलावर सपाट झोपवायची, ड्रिलचं तोंड तिच्या कडेसमोर आणायचं आणि डोक्यावरचं हँडल फिरवलं की दांडा चार इंचांपर्यंत पुढे सरकतो आणि कडेत भोक पाडतो. टेबलाची उंची एकदा घट्ट केली की प्रत्येक भोक फळीच्या पृष्ठापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर पडतं. हातातल्या ड्रिलने फळीच्या कडेत सरळ भोक पाडायचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांना याचं मोल कळेल. भोकांत लाकडी खुंट्या आणि गोंद घातला की दोन फळ्यांची एक फळी होते. खिळा नाही, स्क्रू नाही. दांडा पुढे सरकण्याची हीच सोय तबकडीलाही मिळते. तुकडा टेबलावर घट्ट धरायचा आणि तबकडीच हळूहळू पुढे आणायची. कागदाच्या जाडीइतकं लाकूड काढता येतं.

या सगळ्याची किंमत एकच: एका वेळी एकच यंत्र. करवत हवी असेल तर ड्रिल काढायचं, टेबल सरकवायचं, करवत लावायची, काटकोन तपासायचा. सवय झाली की दोन-तीन मिनिटांचं काम आहे. खरं नुकसान त्या मिनिटांचं होत नाही. करवतीला लावलेलं माप एकदा मोडलं की ते पुन्हा तंतोतंत लागत नाही, तिथे फटका बसतो. म्हणून या यंत्रावर काम करायचं तर कामाचा क्रम कागदावर आधी ठरवावा लागतो.

उदाहरण देतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीसाठी चेरीच्या लाकडाचा चौरंग केला. तीन फळ्या जोडून वरचं पान, चार पाय, पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्या. पाय वर चौकोनी, खाली कातीव, आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या कठड्यांसारखे. क्रम असा लागतो: आधी करवत, आणि करवतीचं सगळंच काम एका बैठकीत. पानाच्या फळ्या, चारही पाय, चारही पट्ट्या. मग आडवं ड्रिल: फळ्यांच्या कडा, पट्ट्यांची टोकं आणि पायांच्या वरच्या भागातली भोकं. पायांना भोकं या टप्प्यावरच पाडायची, कारण अजून ते चारही बाजूंनी सपाट आहेत आणि टेबलावर नीट बसतात. एकदा कातून गोल झाले की धरायचे कुठे? पानाला गोंद लावून रात्रभर शिकंज्यात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तबकडीवर टोकं घासायची, आणि लेथ सगळ्यात शेवटी.

मी हा क्रम पाळला, पण एका पट्टीत गाठ होती आणि खुंटी ठोकताना ती चिरली. पुन्हा करवत लावली, पुन्हा माप घेतलं. नवी पट्टी मिलिमीटरभर लांब झाली. चौरंग जोडला तर एक पाय जमिनीपासून किंचित वर. सगळं उकलून, पट्टी तबकडीवर घासून बसवायला एक शनिवार गेला. तेव्हापासून प्रत्येक मापाचा एक तुकडा जास्तीचा कापतो, आणि लांबीसाठी टेपवर विसंबत नाही. फेन्सच्या बाजूला एक ठोकळा शिकंज्याने आवळायचा आणि प्रत्येक तुकडा त्याला टेकवून कापायचा. ठोकळ्यावर पेन्सिलने काम आणि तारीख लिहून तो शेल्फवर जपून ठेवतो. माप पुन्हा लागलं तर तोच ठोकळा.

लेथबद्दल लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल. नव्या माणसाने सुरुवात लाटण्यापासून करावी, एवढं मात्र सांगतो. मेपलचं लाकूड घ्या, ते घट्ट असतं आणि त्याला वास नसतो. चौकोनी तुकड्याच्या दोन्ही टोकांवर कर्ण काढून मध्य शोधा, दोन टोकांमध्ये तो अडकवा, यंत्र सुरू करण्याआधी हाताने एक फेरी फिरवून तो टेकूला लागत नाही ना ते पाहा, आणि सगळ्यात कमी वेगावर सुरुवात करा. चार कोपरे जाऊन तो गोल झाला की आवाज बदलतो. खटखट थांबते आणि एकसारखा सर्र येऊ लागतो, तेव्हाच वेग वाढवायचा. पॉलिशची गरज नाही, खायचं तेलही नको, ते कालांतराने खवट होतं. मिनरल ऑइलचा एक हात पुरे. आईला पाठवलेलं लाटणं ती आता रोज वापरते. दोन्ही टोकं थोडी जास्त निमुळती हवी होती असं तिचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे.

पुण्याहून भावाने विचारलं, जहाजाने पाठवता येईल का? यंत्राचं वजन ९० किलोच्या आसपास. ते एक वेळ जमेल, पण अडचण विजेची आहे. मोटर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर ही मोटर एक षष्ठांश हळू फिरेल आणि वर जास्त तापेल. मोटर बदलायची तयारी असेल तरच विचार करावा.

घ्यायला जाल तेव्हा काय पाहायचं? दांड्याचं टोक बोटांत धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं आहे. ते बदलता येतं, पण किमतीत धरा. सुरुवातीच्या मार्क फाइव्हमध्ये दांड्याला एकच बेअरिंग असे, पुढच्या यंत्रांत दोन आहेत आणि ती जास्त ताठ राहतात. नळ्यांवर वरवरचा गंज असेल तर घाबरू नका, तारेचा बारीक काथ्या आणि मेण लावलं की निघतो. नंतरही नळ्यांना तेल लावायचं नाही, मेणच लावायचं, कारण तेलाला भुसा चिकटतो. यंत्र सुरू करून वेग खालपासून वरपर्यंत न्या. मधे कुठे अडखळलं तर आत भुसा आणि वंगणाचा चिखल झाला असेल. पन्नाशीच्या दशकातल्या काही यंत्रांत दात्यांचा पट्टा असतो आणि तो मोठ्याने घोंघावतो. तो बिघाड नव्हे, त्या बनावटीचा आवाज तसाच आहे. जुनी दोन तारांची वायर असेल तर घरी नेल्यावर पहिल्यांदा अर्थिंगची तीन तारांची बसवून घ्या. उभं करून दाखवायला सांगितलंत तर आधी डोकं आणि टेबल नळ्यांवर घट्ट आवळलेत ना ते स्वतः पाहा. ते सैल असताना यंत्र उचललं, तर पंचवीस-तीस किलोचं डोकं नळ्यांवरून घसरत खाली येतं.

आणि पैसे देण्याआधी त्या खोलीतले बाकीचे कोपरेही बघा. यंत्र विकणाऱ्या नातेवाईकांना ठाऊकच नसतं की शेल्फवरच्या त्या डब्यातला लोखंडी टेकू, तबकडी, आणि पत्र्याचं ते विचित्र आकाराचं कव्हर याच यंत्राचं आहे. माझ्या करवतीचं कव्हर रंगाच्या डब्यांमागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं सापडलं. पाती त्याला अजून तशीच लावलेली होती.